शिलालेख बघायला जायचंय, पैसे कुठनं आणू?

पत्र: ताई, मी खानापूर तालुक्यातली. बेळगावात बीए सेकंड इयरला आहे, संस्कृत आणि हिस्टरी घेतलंय. आमचे सर म्हणाले अमेरिकेत ग्रीक-लॅटिन शिकणाऱ्या डिग्रीच्या मुलांना उन्हाळ्यात रोमला, अथेन्सला जायला ग्रँट मिळते. आमच्यासाठी असं काही आहे का? मला बदामी-ऐहोळे बघायचंय, पुण्यात एखादा कोर्सही करायचाय. बाबांची शेती आणि छोटं किराणा दुकान आहे, ते म्हणतात संस्कृत शिकून काय मिळणार आणि वर पैसे घालून फिरायला कशाला. आई एकटीनं जाऊ नको म्हणते. कन्नड बोलायला येतं पण लिहा-वाचायला कच्चं आहे. काय करू? – खानापूरची एक वाचक

अगं, आधी सरळ उत्तर देऊन टाकते, म्हणजे तू रात्र रात्र मोबाईलवर शोधत बसणार नाहीस. डिग्रीला संस्कृत-हिस्टरी घेतलेल्या मुलांचा उन्हाळ्याचा सगळा खर्च एकदम उचलणारी एकच ग्रँट मिळेल असं धरून चालू नकोस. पण तेवढ्यानं तुझं जाणं अडत नाही. बसचे पैसे एकीकडनं, कोर्सची फी दुसरीकडनं, राहण्या-जेवणाचं तिसरीकडनं असं जुळवलं की होतंय, आणि तुझ्या बाबतीत तर प्रवासाचा खर्च आजच्या घडीला जवळजवळ शून्य आहे. ते पुढं सांगते.

सरांनी सांगितलं ते खरंच आहे. अथेन्समध्ये 1881 पासून अमेरिकन स्कूल ऑफ क्लासिकल स्टडीज आहे, तिथं उन्हाळ्यात मुलांना ग्रीसभर साईटवर फिरवत शिकवतात, रोममध्ये अमेरिकन अकॅडमीचा उन्हाळी वर्ग असतो, नेपल्सजवळ कुमे इथं वर्जिलियन सोसायटीचं स्वतःचं घर आहे तिथंही अभ्यासदौरे होतात. पण हे झाले शिकवणारे, पैसे देणारे बरेचदा दुसरेच. कुठं एटा सिग्मा फाय सारखी विद्यार्थ्यांची संस्था, कुठं शिक्षकांच्या प्रादेशिक संघटना, कुठं मुलाच्या स्वतःच्या कॉलेजचं डिपार्टमेंट. त्यामुळं हे पैसे बहुतेक करून त्यांच्या मेंबरांना नाहीतर तिथल्या कॉलेजात शिकणाऱ्यांनाच मिळतात, आपण अर्ज केला तरी पात्रतेच्या पहिल्याच ओळीत अडकणार. त्यावर वेळ घालवू नको. त्यांच्याकडनं घ्यायचं ते एवढंच की तिथली मुलंही एका संस्थेची छोटी रक्कम, दुसरीची छोटी रक्कम अशी जोडूनच जातात, आणि उन्हाळ्याचे अर्ज हिवाळ्यातच भरून मोकळी होतात. आपल्याकडं परीक्षा संपली की मग विचार सुरू होतो, तोवर सगळ्या तारखा गेलेल्या असतात.

तसंच तुला कोणीतरी डाड या जर्मन संस्थेची वाईज ही शिष्यवृत्ती सांगेल, इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची समर फेलोशिप सांगेल, त्या सायन्स-इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी आहेत. इनलॅक्स, चार्ल्स वॉलेस ही परदेशी शिकायच्या शिष्यवृत्त्यांची नावं डायरीत लिहून ठेव, डिग्री झाल्यावर बघायची.

आता प्रवासाचं. कर्नाटकात 11 जून 2023 पासून शक्ती योजना चालू आहे, म्हणजे राज्यात राहणाऱ्या बायका-मुलींना सरकारी साध्या आणि एक्सप्रेस बसमध्ये शून्य तिकीट. हे तू कॉलेजला जाताना रोज वापरत असशील, पण हीच तुझी ट्रॅव्हल ग्रँट आहे हे ध्यानात आलंय का? खानापूरहून हलशी, बेळगावहून सौंदत्ती, रामदुर्गकडनं बदामी, तिथनं पट्टदकल, ऐहोळे, परत येताना धारवाड, सगळं कर्नाटकात. राजहंस, एसी, स्लीपर सोडून लाल बसनं बदलत बदलत गेलीस तर हातातनं एक रुपया जात नाही, फक्त कर्नाटकचा पत्ता असलेलं आधार जवळ ठेव. परदेशातल्या मुलांचा निम्मा जीव विमानाच्या तिकिटात जातो गं, आणि आपल्या सीमाभागातल्या मुलींना एवढं मोठं घबाड मिळालंय तर ते कॉलेज आणि जत्रेपुरतं का ठेवायचं! पुण्याला जायचं असेल तर निपाणीच्या पुढं कोगनोळीनंतर महाराष्ट्र लागतो, तिथनं एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. रेल्वेचं म्हणशील तर एज्युकेशनल टूरला आणि सुट्टीत घरी जायला विद्यार्थ्यांना स्लीपर आणि सेकंड क्लासला सवलत असते, जनरलला निम्मी, एससी-एसटीला पाऊण. त्याचा फॉर्म कॉलेजनं भरून द्यावा लागतो आणि तिकीट स्टेशनवरच्या खिडकीवर काढायचं, मोबाईलवर नाही. ऑफिसमधल्या क्लार्कना तो फॉर्म माहीत नसेल तर प्रिन्सिपॉल सरांपर्यंत जा, लाजू नकोस.

माझं म्हणणं असं की या उन्हाळ्यात लांबचा कोर्स धरू नको, घराजवळचं एक काम नीट कर. त्या कामाच्या जोरावर पुढच्या उन्हाळ्याचे पैसे माग. हातात काही नसताना मागणारी शेकडो मुलं असतात, चार पानं स्वतः केलेली घेऊन येणारी थोडी.

आणि तुझ्या तालुक्यात काम काय कमी आहे होय? हलशी म्हणजे कदंब राजांची पलाशिका. तिथं सापडलेले ताम्रपट संस्कृतात आहेत, पाचव्या-सहाव्या शतकातले, जे. एफ. फ्लीट यांनी ते इंडियन अँटिक्वेरीत छापले आणि ते जुने अंक आज फुकटात डाऊनलोड होतात. त्यात रविवर्मा या कदंब राजाचा एक पट आहे, त्यात म्हटलंय की पलाशिकेत दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेला जिनेंद्राचा आठ दिवसांचा उत्सव व्हावा आणि पावसाच्या चार महिन्यांत यापनीय या जैन पंथातल्या साधूंच्या जेवणाची सोय गावाच्या उत्पन्नातनं व्हावी. खानापूरचा पाऊस तुला मी काय सांगायचा! चार महिने पायी फिरता येत नाही म्हणून एका जागी राहून अभ्यास करणाऱ्यांच्या पोटाची व्यवस्था राजा तांब्यावर कोरून देतोय, हे तू सेकंड इयरच्या संस्कृतावर स्वतः वाचू शकतेस, कठीण नाहीये, समास फोडत बसावं लागेल इतकंच. मग प्रश्न घे: या ताम्रपटांत जी गावं, जी शेतं, ज्या सीमा सांगितल्यात त्यातलं आज काय ओळखता येतं? एक वही, तालुक्याचा नकाशा आणि गावातली म्हातारी माणसं, एवढ्यावर हे काम सुरू होतं. शेताच्या, नाल्याच्या, टेकडीच्या नावांत जुनं खूप काही अडकून असतं आणि ते बाहेरनं आलेल्या पीएचडीवाल्याला लवकर सापडत नाही, तुझ्या आजीला ठाऊक असतं. मात्र नाव थोडं जुळलं की लगेच हेच ते म्हणून ठोकायचं नाही. का जुळतंय आणि का जुळत नसेल, दोन्ही लिहायचं.

हलशीचं झालं की बदामी. मे महिन्यात बागलकोटकडं ऊन फार, म्हणून सकाळी उजाडल्याबरोबर आणि चारनंतर, मधल्या वेळात म्युझियम. आर्किऑलॉजीची म्युझियम शुक्रवारी बंद असतात, त्या हिशेबानं दिवस ठरव. सगळं बघायला जाऊ नकोस, चार लेख ठरवून जा. बदामीत तिसऱ्या गुहेतला चालुक्य राजा मंगलेशाचा लेख, शके 500 म्हणजे 578 सालचा. तळ्याच्या पलीकडं कड्यावर कप्पे अरभट्टाचा लेख, सुमारे 700 सालचा, त्यात कन्नड त्रिपदी, म्हणजे तीन ओळींचं पद्य, आहे, जी तुमच्याकडं बायका आजही गाण्यात म्हणतात त्याच जातीची. पट्टदकलला चालुक्य राजा कीर्तिवर्मा दुसरा याच्या काळातला खांब, त्यावर संस्कृत मजकूर दोन लिप्यांत कोरलाय, एक उत्तरेकडची सिद्धमातृका आणि दुसरी इकडची जुनी कन्नड वळणाची. त्या खांबाजवळ वेळ घालव, घाईनं फोटो काढून पुढं पळू नको. देवनागरी येते म्हणून एका बाजूची थोडी अक्षरं ओळखीची वाटतील, कन्नड पाट्या वाचत वाढलीस म्हणून दुसऱ्या बाजूची थोडी. पुण्यातल्या किंवा दिल्लीतल्या मुलीला हे एवढ्या सहज होत नाही.

आणि ऐहोळे. मेगुती टेकडीवर चढलीस की जैन मंदिराच्या पूर्वेकडच्या भिंतीत रविकीर्ती या कवीनं लिहिलेली प्रशस्ती आहे, चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीची. त्यात पुलकेशी नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा धनी झाला असं येतं, आणि कवी शेवटी आपली कीर्ती कालिदास-भारवीच्या तोडीची म्हणून सांगतो, त्यामुळं त्या दोघांचा काळ ठरवायला हा लेख सगळे वापरतात. पण माझी आवडती जागा तारखेची. भारत युद्धापासून किती वर्षं गेली आणि शकाची किती गेली, दोन्ही श्लोकात गुंफलंय: तीस, तीन हजार, सातशे आणि पाच, म्हणजे 3735, आणि पन्नास, सहा, पाचशे, म्हणजे शके 556, आपलं 634-35 साल. छापील पाठ आधी घरी वाच, ही बेरीज वहीत कर, मग भिंतीसमोर उभी राहून त्या ओळी शोध. सापडायला अर्धा तास लागेल, पण सापडल्या की ती लिपी तुझी झाली.

एक गोष्ट काटेकोर पाळ. लेखावर पाणी, तेल, पीठ, खडू, कुंकू काही लावायचं नाही, कोणी गाईड लावायला लागला तरी थांबव. कागद ओला करून ब्रशनं ठोकून शाईचा ठसा काढतात ते परवानगीशिवाय करायचं नाही. तुझ्या मोबाईलनं भागतंय: ऊन तिरकं असताना, नाहीतर टॉर्च बाजूनं धरून फोटो काढ, अक्षरं उठून दिसतात. ट्रायपॉड नेलास तर परवानगी मागतील. आणि आपल्या गावागावांतल्या देवळांत वीरगळांना, लेखांना ऑईल पेंटचे थर चढलेत ते बघून मन फार दुखतं, तिथं पुजाऱ्यांशी, पंचांशी गोडीनं बोल, भांडायला जाऊ नको, पण फोटो, ठिकाण, तारीख नोंदवून ठेव.

आता कन्नड. तुला हे जरा मोकळेपणानं सांगते. आपल्या भागात भाषेवरनं घराघरात किती जखमा आहेत ते मला कळतं, मराठी शाळा, पाट्या, कागदपत्रं, यातनं मीही गेलीय. पण शिलालेखांचा अभ्यास करायचा आणि कन्नड कच्चं ठेवायचं हे जमणार नाही, बेळगाव-धारवाडकडचे लेख संस्कृत आणि जुन्या कन्नडात भरलेत. त्यानं तुझी मराठी कमी होत नाही. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी, ती मूर्ती करवून घेणाऱ्या चावुंडराजाचं नाव मराठीतही कोरलंय ना, मग? संस्कृतला 2005 मध्ये, कन्नडला 2008 मध्ये आणि मराठी, प्राकृत, पालीला 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जा मिळालाय, आणि यातल्या तीन भाषा तुझ्या रोजच्या जगण्यात नाहीतर वर्गात आहेत. या सुट्टीत रोज एक पान कन्नड लिही, शेजारच्या मैत्रिणीकडनं तपासून घे. जुन्या कन्नडासाठी तुमच्याच कॉलेजच्या कन्नड डिपार्टमेंटला जा, संस्कृतची मुलगी विचारायला आली म्हटल्यावर ते खूश होतात. जमलं तर मोडीही शिक, बेळगावच्या वाड्यांत दप्तरं पडून आहेत.

पैशाच्या जागा सांगते. दिल्लीचं सेंट्रल संस्कृत युनिव्हर्सिटी दरवर्षी संस्कृत, पाली, प्राकृत शिकणाऱ्यांना शिष्यवृत्ती देतं, साध्या कॉलेजात संस्कृत विषय घेतलेल्यांनाही, तुमच्या कॉलेजात कोणी भरत नसेल तर तू पहिली भर. पीयूसीला चांगले मार्क होते आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राची पीएम-यूएसपी शिष्यवृत्ती, डिग्रीला वर्षाला 12,000 रुपये, ती नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. ती पहिल्या वर्षी भरायची असते, तेव्हा भरली असशील तर रिन्यूअल चुकवू नको. राज्याचं एसएसपी, म्हणजे स्टेट स्कॉलरशिप पोर्टल, वेगळं. या शिष्यवृत्त्या प्रवासाच्या नावानं येत नाहीत, पण आलेल्या पैशातनं किती बाजूला काढायचे हे तुझ्या हातात आहे.

आणि खरी जागा म्हणजे आपल्याच इथल्या सोसायट्या, बँका, मंडळं. बेळगावात काय कमी आहेत? दरवर्षी वार्षिक सभेत मुलांना बक्षिसं देतात, पेन-ट्रॉफी-शाल. बाबांचं ज्या सोसायटीत खातं आहे तिथल्या चेअरमनना एक पानाचं पत्र दे. मदत करा एवढंच मोघम लिहिलंस तर कागद फायलीत जाईल. नेमकं लिही: अमुक कोर्स, अमुक तारखा, फी एवढी, राहणं एवढं, यातलं मी एवढं घालतेय, कॉलेज एवढं देतंय, तुमच्याकडनं एवढं हवंय, पावत्या आणून देईन आणि आल्यावर तुमच्या कार्यक्रमात मराठीत अर्धा तास फोटोसकट बोलेन. पैसे देणाऱ्याला आपला पैसा कुठं गेला हे दिसलं की पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलीलाही मिळतो. मागायला लाज वाटते हे मला ठाऊक आहे, विशेष करून दुकानदाराच्या घरात, जिथं उधार मागणाऱ्यांना आपण रोज बघतो. पण अभ्यासासाठी हिशेब देऊन मागणं ही उधारी नव्हे.

कागदपत्रं आत्ताच गोळा कर, कारण अर्ज तिथंच मरतात. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतनं काढ आणि त्यावरचा आरडी नंबर लिहून ठेव, एसएसपीला तो लागतो. कन्नडमधला दाखला महाराष्ट्रात किंवा दिल्लीला द्यायचा असेल तर इंग्लिश कॉपी किंवा भाषांतर लागेल. आधार, मार्क्स कार्ड, बँक पासबुक तिन्हीकडं नावाचं स्पेलिंग एकच आहे का बघ, आपल्याकडं आडनाव एकीकडं पुढं, एकीकडं मागं, बाबांचं नाव एकीकडं आहे एकीकडं नाही, असला घोळ हमखास असतो. खात्याला आधार सीडिंग झालंय का ते बँकेत जाऊन विचार. कॉलेजचं स्टडी सर्टिफिकेट चार प्रती काढून ठेव.

पुण्याचं पुढच्या उन्हाळ्याला धर. भांडारकर संस्थेचे कोर्स आहेत, त्यातले ऑनलाईनही आहेत, म्हणजे फी सोडून खर्च नाही, त्यातला एखादा या पावसाळ्यात घरी बसून कर. डेक्कन कॉलेजात 1948 पासून संस्कृतच्या मोठ्या कोशाचं काम चाललंय, तिथं आणि भांडारकरच्या लायब्ररीत काय बघायचं ते आधी ठरवून पत्र पाठवून जा. प्राकृतची गोडी लागली तर दिल्लीच्या भोगीलाल लहेरचंद संस्थेत उन्हाळ्यात प्राकृतचे वर्ग होतात, पात्रता नीट वाच, एमएला गेल्यावर जास्त उपयोगी. आणि जवळचं धारवाड विसरू नको, कर्नाटक युनिव्हर्सिटीचं कन्नड रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, सौंदत्तीच्या रट्ट राजांपासून गोव्याच्या कदंबांपर्यंत आपल्या भागाचं बरंच काही तिथं मिळतं, आणि तिथवर तुझं तिकीट शून्य.

अर्जात "मला लहानपणापासून प्राचीन संस्कृतीची आवड आहे" असं वाक्य घालू नको, सगळे तेच लिहितात. असं लिही: "हलशीच्या कदंब ताम्रपटांतली स्थळनामं मी खानापूर तालुक्यात जागेवर जाऊन तपासतेय, अमुक दोन जुळतात असं वाटतं, तिसऱ्याबद्दल शंका आहे, ती सोडवायला मला ताम्रपटाची लिपी स्वतः वाचता यायला हवी, म्हणून हा कोर्स." एवढं वाचल्यावर समोरच्याला दुसरं काही विचारायचं उरत नाही.

बाबांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांना हिशेब हवाय, तर हिशेब द्यायचा. एमए करून नेट दिलीस आणि जेआरएफ लागली तर महिन्याला 37,000 रुपये फेलोशिप आहे, 2023 पासून. नुसती नेट झाली तरी कॉलेजात शिकवायचा रस्ता उघडतो. आर्किऑलॉजीच्या एपिग्राफी, म्हणजे शिलालेख वाचणाऱ्या, शाखेला, जिचं मुख्य ऑफिस आपल्याच म्हैसूरला आहे, संस्कृत आणि जुनी लिपी दोन्ही येणारी माणसं लागतात आणि ती सहज मिळत नाहीत. नोकरी लगेच मिळेल असं खोटं आश्वासन त्यांना देऊ नको. या उन्हाळ्यात तुमचे पैसे लागत नाहीत, पुढच्या वर्षी एवढे लागतील, त्यातले एवढे मी उभे करते, असं कागदावर दाखव. आणि हलशीला त्यांनाच घेऊन जा की एका रविवारी. शेतकरी माणूस आहे, ताम्रपटातल्या शेताच्या हद्दी तुझ्यापेक्षा त्यांना लवकर कळतील.

आईला म्हणावं एकटी जात नाही. वर्गातल्या दोघी आणि जमलं तर एक मॅडम, शून्य तिकिटात चौघीही जातात. बदामीत एक रात्र राहावं लागेल, केएसटीडीसीचं, म्हणजे कर्नाटक पर्यटन महामंडळाचं, मयूर चालुक्य हॉटेल आहे, एक खोली वाटून घेतली तर परवडेल. कॉलेजच्या लेटरहेडवर आर्किऑलॉजीच्या धारवाड सर्कलला आधी पत्र घातलं तर स्टुडंट ग्रुप म्हणून एंट्रीच्या तिकिटाचं काही होतंय का तेही विचारता येईल.

अर्जाचा ड्राफ्ट दिवाळीच्या सुट्टीत लिहून मला पाठव, मी नीट वाचून परत करते. शिफारसपत्राचं सरांना त्याच्या महिनाभर आधी सांग, आणि सांगताना मार्क्स कार्डची झेरॉक्स, शेवटची तारीख आणि हलशीच्या कामाची दोन पानं त्यांच्या हातात दे, म्हणजे त्यांनाही तुझ्याबद्दल काय लिहायचं ते कळेल.